पानशेतकडच्या चार एकरांत सगळा सागच लावावा का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पानशेतच्या वरच्या अंगाला चार एकर उताराची जमीन आहे. रोपवाटिकावाला एकरी हजार साग लावा म्हणतोय, वीस वर्षांत सोनं होईल. घरच्यांना मात्र पाखरं हवीत आणि ओढ्याला पाणी टिकायला हवंय. दोन्ही जमेल, पण या हिशेबात नाही.

2 बाय 2 मीटरवर एकरी हजार झाडं बसतात हे खरं, पण ती सगळी शेवटपर्यंत ठेवायची नसतात. सरकारी जंगलातला साग साठ-ऐंशी वर्षांनी तोडणीला येतो. वीस वर्षांच्या झाडात पक्का गाभा कमी आणि भोवतीचं पांढरं लाकूडच जास्त. भवानी पेठेतला टिंबरवाला भाव करतो तो घेर आणि गाभा बघून. नव्वदच्या दशकात सागाच्या गुंतवणूक योजनांत लोकांचे पैसे बुडाले, तिथेही झाडं गुणिले भाव हेच गणित दाखवत होते.

साग इथलाच आहे, झाड म्हणून त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण दाटीशी आहे. त्याच्या मोठ्या पानावर पाणी साठून टपोरा थेंब पडतो, आणि खाली गवत-झुडूप नसेल तर तो माती उखडतो. जुलैत अशा एखाद्या दाट लागवडीत जाऊन बुंधे बघा. वीतभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे दिसतील. उन्हाळ्यात तिथेच वाळल्या पानांचा थर साचतो, मग वणव्याला काडीचं निमित्त पुरतं.

म्हणून लाकूड आणि जंगल यांचा मेळ लावणीत नाही, विरळणीत बसतो. पाचव्या-सहाव्या वर्षी एकाआड एक तिरकी ओळ काढायची, दहा-बाराव्या वर्षी पुन्हा वाकडी आणि दबलेली झाडं काढायची. राहिलेल्यांचा घेर वाढतो. शिवाय जमिनीवर ऊन पोचतं, गवत धरतं, बुलबुलांच्या विष्ठेतून करवंद-जांभूळ येतं. लोक इथेच कच खातात, लावलेलं झाड तोडवत नाही. मग ना धड वासे, ना धड जंगल. पहिल्या विरळणीचे वासे मांडवाला, गोठ्याला जातात. त्यात श्रीमंती नाही, पण मजुरीला हातभार लागतो.

बेणणीला, म्हणजे तण काढताना, स्वतः उभे राहा. मजूर कोयत्यानं घाणेरीच्या (टणटणीच्या) झुडपांबरोबर जांभळाचं रोपही सपासप उडवतो, त्याचा दोष नाही, त्याला सगळं रानच. आधल्या दिवशी फिरून ठेवायच्या रोपांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधा. रंगीत चिंधी दिसली की कोयता थांबतो.

आता जमीन. सपाट, खोल मातीचा जो तुकडा असेल तिथेच साग, मध्ये शिवण आणि बिबला. वरच्या मुरमाड चढावर काहीच लावू नका. तिथे ऐन, किंजळ, हिरड्याचे खुंट असणारच. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडून तोडून ऐन ठेंगणा राहिलेला असतो; चराई आणि तोड थांबवा, होळीच्या आधी जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढा, तो आपसूक उसळतो. ओढ्याकाठी उंबर, करंज, जांभूळ, आणि तिथे कुऱ्हाड कधीच नाही. ढोली असलेलं जुनं झाड असेल तर लाकूडफाटा म्हणून विकू नका. पोपट आणि पिंगळे तिथेच राहतात. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लवकर हिरवं दिसतं म्हणून भुलू नका. पुण्याच्या टेकड्यांवर ते कसं माजलंय ते वेताळ टेकडीवर चक्कर मारली की कळेल. हिरवळीच्या खतासाठी बांधावर चार असू द्या, बस.

मधल्या वर्षांच्या पैशासाठी बांधावर माणगा बांबू लावा. काटा नाही, काठी भरीव. फक्त यंदाचे कोंब कापायचे नाहीत, तीन वर्षांची पक्की काठीच काढायची.

कागदांचं आत्ताच बघा. 1964 च्या झाडतोड अधिनियमानुसार साग, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, बिबला अशी झाडं स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लावल्या वर्षीच सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, विरळणीच्या वेळी हेलपाटे वाचतील. वनक्षेत्राबाहेरचा बांबू मात्र 2017 पासून केंद्रीय वन कायद्यात 'झाड' राहिलेला नाही.

रोपांची ऑर्डर देण्याआधी पाच-सहा ठिकाणी कमरेएवढे खड्डे घ्या. मुरूम किती खोलीवर लागतो ते इथे लिहा, मग सागाला किती जागा द्यायची ते ठरवू.