कुजलेल्या हॉलीचे पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. आमच्या मराठी मंडळाचा नाताळचा कार्यक्रम १३ डिसेंबरला होता. सभागृहाच्या सजावटीसाठी मी वूस्टरशरमधील एका बागायतदाराकडून लाल फळांच्या ताज्या हॉलीची (नाताळच्या सजावटीत वापरतात त्या काटेरी पानांच्या फांद्यांची) दोन खोकी, प्रत्येकी ६५ पौंडांना, ऑनलाइन मागवली आणि माझ्या क्रेडिट कार्डाने पैसे भरले. ‘१२ तारखेपर्यंत मिळालेच पाहिजे, १३ला कार्यक्रम आहे’ असे मी ऑर्डर देण्यापूर्वीच ईमेलने कळवले होते आणि त्यांनी होकार दिला होता. पार्सल १६ला आले; कुरिअरवाल्याने मला न विचारता ते शेजाऱ्यांकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी खोके उघडले तेव्हा पाने काळवंडलेली होती आणि बरीचशी फळे गळून पडली होती. विक्रेता म्हणतो, ‘नाशवंत माल परत घेत नाही, २४ तासांत तक्रार आली नाही, आणि उशीर कुरिअरचा आहे.’ मी काय करावे?

उत्तर : विक्रेत्याची तिन्ही कारणे कायद्यापुढे टिकणारी नाहीत, मात्र आपण ग्राहक म्हणून खरेदी केली की मंडळाच्या वतीने, हा मुद्दा आधी पक्का करावा लागेल, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे.

२०१५च्या ग्राहक हक्क कायद्यात ‘ग्राहक’ म्हणजे आपल्या व्यापार-व्यवसायाबाहेरच्या कामासाठी, पूर्णतः किंवा मुख्यतः, खरेदी करणारी व्यक्ती. संस्था ही व्यक्ती नव्हे. ऑर्डर, पावती आणि कार्ड आपल्या नावाचे असेल, तर मंडळ नंतर खर्च भरून देणार होते एवढ्यावरून आपण ग्राहक ठरत नाही असे म्हणणे कठीण आहे, आणि आपण ग्राहक नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने विक्रेत्यावरच टाकला आहे. पावती मंडळाच्या नावे असेल तर मात्र चित्र पालटते. मग १९७९चा मालविक्री कायदा लागू होतो, ज्यानुसार माल कुरिअरच्या हाती देणे म्हणजे सकृद्दर्शनी खरेदीदाराला देणेच, आणि वाटेतल्या नुकसानाचा वाद आपल्याला बराच महागात पडू शकतो. आपल्या पत्रावरून पावती आपल्या नावाची आहे असे मी गृहीत धरतो.

विक्रेत्याच्या पहिल्या उत्तरात एक गल्लत आहे, जी असे विक्रेते वारंवार करतात. दूरस्थ खरेदीत मन बदलले म्हणून १४ दिवसांत करार रद्द करण्याची जी सोय २०१३च्या नियमांनी दिली आहे, तिच्यातून लवकर खराब होणारा माल वगळलेला आहे, हे खरे. पण आपले मन बदललेले नाही. माल समाधानकारक दर्जाचा आणि वर्णनाप्रमाणे असावा हा हक्क वेगळा, वर सांगितलेल्या २०१५च्या कायद्यातला आहे (कलम ९ आणि ११), आणि तो नाशवंत मालालाही तितकाच लागू आहे. ‘२४ तासांत तक्रार करा’ ही अटही हे हक्क आकुंचित करत असेल तेवढ्यापुरती बंधनकारक नाही, कारण कलम ३१ तसे करू देत नाही.

कुरिअरचा मुद्दा कलम २९ने निकालात निघतो. कुरिअर विक्रेत्याने निवडला असेल, तर माल ग्राहकाच्या किंवा ग्राहकाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याचीच असते. शेजारी आपण नेमलेले नव्हते, म्हणून १७ तारखेला खोके आपल्या हातात येईपर्यंतचे नुकसान विक्रेत्याच्याच माथी पडते. कुरिअरशी भांडायचे असेल तर ते त्यांनी भांडावे.

उशिराबाबत तर आपली बाजू अधिकच भक्कम आहे. ठरलेल्या वेळेतच माल हवा हे करारापूर्वी कळवलेले असल्यामुळे, कलम २८नुसार ती वेळ टळताच आपण करार संपला असे मानू शकता आणि भरलेली सर्व रक्कम विनाविलंब परत मागू शकता. माझ्या मते आपल्या पत्रात हाच मुद्दा आधी मांडावा, दर्जाचा नंतर. कारण तारीख ईमेलवरून सिद्ध होते, दर्जा मात्र छायाचित्रांवरून, आणि नाशवंत मालाच्या बाबतीत नाकारण्याची नेहमीची ३० दिवसांची मुदत मालाच्या आयुष्याइतकी आखूड होते. शिवाय दर्जाचा दोष पोच होतानाच होता हे आपल्याला दाखवावे लागेल. हॉलीची पाने-फळे इथिलीन वायूने गळतात, आणि तो पिकणाऱ्या सफरचंदांतूनही निघतो. तेव्हा ‘तुम्ही खोके स्वयंपाकघरात फळांजवळ ठेवले असेल’ किंवा ‘हीटरशेजारी ठेवले असेल’ असा बचाव येऊ शकतो. खोके उघडताक्षणीची, तारीख दिसणारी छायाचित्रे आणि शेजाऱ्यांचा दोन ओळींचा लेखी जबाब येथे कामी येईल.

ऐनवेळी बाजारातून जादा दराने सजावट घ्यावी लागली असेल तर तो फरकही मागता येईल, कारण कार्यक्रमाची तारीख विक्रेत्याला ठाऊक होती. १८५४च्या हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यात, ग्लॉस्टरच्या गिरणीचा मोडका दांडा पोचवायला वाहतूकदाराने केलेल्या उशिरावरून, हेच तत्त्व घालून दिले गेले. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३मध्येही तेच आहे. कार्यक्रम बेरंग झाल्याची खंत मात्र रकमेत मोजता येणार नाही.

क्रेडिट कार्ड कंपनीकडे जाताना एक खाच लक्षात ठेवा : विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीलाही जबाबदार धरणारे १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याचे कलम ७५ एका वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक असेल तरच लागू होते, आणि आपले प्रत्येक खोके ६५ पौंडांचे आहे. म्हणून कार्ड कंपनीकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. त्याला मुदत असते, तेव्हा वाट पाहत बसू नका.

विक्रेत्याला ईमेलने स्पष्ट कळवा की आपण करार संपुष्टात आणत आहात, १३० पौंड व पोच-खर्च परत हवा आहे, आणि माल त्यांनी स्वखर्चाने उचलावा. उत्तरासाठी १४ दिवस द्या. त्यानंतर काउंटी कोर्टात लहान दाव्यांच्या मार्गाने ऑनलाइन दावा दाखल करता येईल. तेथे वकिलाची गरज नाही आणि जिंकल्यास कोर्ट फी सहसा समोरच्याकडून मिळते. खोके व फांद्या तोपर्यंत बाहेर थंड जागी ठेवा, आणि त्यांनी उचलण्यास नकार दिल्याचा ईमेल हाती आल्याशिवाय कंपोस्टात टाकू नका.