ताटातूट झालेल्या बहिणींनी एकमेकींना ओळखायचं कसं?

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे. किशोरवयीन वाचकांसाठी मराठीत डिस्टोपियन, म्हणजे जुलमी राजवटीच्या भयाण काळातली, रहस्य कादंबरी लिहितेय. सरकार दोन बहिणींना लहानपणीच वेगळं करतं आणि मोठेपणी निष्पाप थोरली जीव धोक्यात घालून धाकटीला शोधायला निघते. ओळख पटायला जन्मखूण किंवा अर्धं लॉकेट सोडून दुसरं काय वापरता येईल? गोष्टीसाठी शहरही सुचवा. मुंबई-पुणे नको.

उत्तर:

वयानं तू माझ्या मुलीएवढी, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

शहर सोलापूर घे. मी इथली म्हणून सांगतेय, खोटं कशाला बोलू! पण तुला जे सरकार कल्पनेतून उभं करायचंय, ते इथं एकदा होऊन गेलंय. आमच्याकडे 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे, रिक्षावाल्याला आजही तेवढं सांगितलं की पुरतं. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांना इंग्रजांनी तिथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोजची हजेरी, बाहेर पडायला पास, आणि कामाला गिरण्या. १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची सोयच कायद्यात करून ठेवली. कायदा गेला १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. तुझ्या कादंबरीतलं सरकार याहून वाईट काय करणार? म्हणून ते इसवी सन तीन हजार, काचेचे मनोरे, उडत्या गाड्या काही नको. पाण्याचं घे. जिल्ह्यात ११७ टीएमसीचं उजनी धरण, आणि शहरात कित्येक वर्षं नळ यायचा चार-पाच दिवसांनी. हे कुणा परगावच्या वाचकाला सांगितलं तर त्याला कादंबरीच वाटेल.

आता बहिणींचं. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

माझी धाकटी बहीण आठ वर्षांची असताना गुलबर्ग्याच्या आत्याला दिली. १९८८, मे महिना. मी अकराची. आमचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, आई घरी कांड्या भरायची, आम्ही अशोक चौकाच्या मागं दोन खोल्यांत. आत्याला मूल नव्हतं. कागद नाही, दत्तकविधान नाही. 'सुट्टीला जाते' म्हणून गेली आणि जूनमध्ये तिकडच्या कन्नड शाळेत नाव घातलं. पुढं शेताच्या वाटणीवरून वडिलांचं आणि आत्याचं फाटलं, जाणं-येणं बंद. गुलबर्गा रेल्वेनं दोन-अडीच तासांवर, पण अकरा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. तुझ्या कथेत सरकार लागतं. आमच्यात वडीलधाऱ्यांनीच भागवलं.

१९९९ साली अक्कलकोटला एका लग्नात गेले होते. मांडवामागं बायका गजरे ओवत बसल्या होत्या. त्यांत एक पोरगी कन्नडमध्ये भरभर बोलत होती, तोंड पलीकडं. तिचा दोरा तुटला. तिनं दोन टोकं एकावर एक आडवी ठेवली, अंगठ्यानं दाबली, एक टोक बोटाभोवती फिरवून फासातून काढलं, ओढलं आणि उरलेलं शेपूट दातानं तोडलं. ही आमच्या आईची गाठ. सूत तुटलं की विणकरांच्या घरात अशीच मारतात, नाहीतर गाठ मागाच्या फणीत अडकते. आम्ही दोघी आईच्या मांडीशी बसून शिकलो होतो. फरक एवढाच, की धाकटी डावरी, तिचं सगळं उलट्या बाजूनं चालायचं. मी चेहरा बघितलाच नाही. मागनंच हाक मारली.

तेव्हा तुझं उत्तर हे: हाताची सवय वापर. सरकार नाव बदलेल, भाषा बदलेल, केस कापेल. सुताची गाठ कोण तपासतंय? पण सवय पहिल्या प्रकरणात सहज दिसली पाहिजे, वाचकाला 'ही खूण आहे हं' असं कळता कामा नये. आणि एकच ठेव. खुणांची रांग लावलीस की रहस्य गेलं.

पण मला तुझी थोरली पटत नाही. ती बिचारी निष्पाप, जीव धोक्यात घालून शोधत निघालेली. अगं, जी घरात राहिली तिला काहीतरी मिळालेलं असतं! धाकटी गेल्यावर मला खाटेची अख्खी जागा मिळाली, तिची चादर मिळाली, दसऱ्याला दोनाऐवजी एकच फ्रॉक शिवायचा म्हणून जरा बरं कापड मिळालं. मला ते आवडलं होतं. हे मी आईजवळही बोलले नाही कधी. तुझ्या थोरलीला हे असू दे, मग ती शोधायला का निघाली याला वजन येईल.

माझी बहीण आजही मला एकच गोष्ट ऐकवते: 'मी निघाले तेव्हा तू दारात आली नाहीस.' मी म्हणते, नळ आला होता. तेव्हाही पाणी रोज नसायचंच, कुणीतरी घागरी लावायलाच हव्या होत्या, आणि आई तिची वेणी घालत होती. यावर ती म्हणते, 'त्या दिवशी पाणी नव्हतं. आईनं वेणी शेजारच्यांकडच्या पाण्यानं भिजवून घातली, मला आठवतंय.' मला माझ्या हाताला लागलेली घागरीची कड आठवते. तिला ओले केस आठवतात. आई गेली, शेजारच्या तेलुगू मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'पाणी कधी होतं गं आपल्याकडं?' आता यात कोण खोटं? मी नाही, एवढं लिहून ठेवते. अकरा वर्षांच्या पोरीला सुट्टी आणि कायमचं यातला फरक कुणी सांगितला होता?

तुझं रहस्य इथं आहे. सरकारी दप्तरात सापडलेली फाईल, मरताना खरं सांगणारा म्हातारा अधिकारी, असलं काढू नकोस. दोघींना एकाच सकाळच्या दोन सकाळी आठवू देत, आणि वाचकाला ठरवू दे.

थोडं आवरतं घेते. मी काही लेखिका नाही. डिस्टोपियन म्हणशील तर मुलीच्या कपाटातली तीन-चार पुस्तकं वाचलीत, तीही रागारागानं. आत्या वाईट नव्हती, बहिणीला तिनं बी.एड. केलं, जे आमच्या घरात जमलं नसतं. आणि सेटलमेंट वापरणार असलीस तर आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल. भटक्या-विमुक्तांनी सोसलेलं तुझ्या कथेची सजावट म्हणून नको.

पहिलं प्रकरण झालं की पाठव. मी आधी बहिणीला देईन. ती मराठी सावकाश वाचते, पण चूक बरोब्बर पकडते.