मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का?

तुमचा प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, देवगडकडे आंब्याची बाग. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गावात म्हणतात, ‘पिकू दे, आणि पावसात तर नकोच.’ मग कधी करावं?

पिकवायचा तो आंबा. मोतीबिंदू पिकवायचं आता काही कारण नाही. पूर्वी मोठा छेद घेऊन भिंग अखंड काढत, वर जाड चष्मा लागे, म्हणून नजर पार जाईपर्यंत थांबत. आता फेको नावाच्या शस्त्रक्रियेत २-३ मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतात आणि घडीचं कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदू जितका कडक, तितकी फोडायला ऊर्जा जास्त, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज येण्याचा धोकाही जास्त. अगदीच पिकला तर भिंग फुगून डोळ्यातला दाब चढतो. डोळा लाल, ठणका, उलटी असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पण नुसता मोतीबिंदू दिसला म्हणून लगेच टेबलावर झोपायचीही गरज नाही. नवा नंबर लावूनही काम अडतं का, ते बघा. तिन्हीसांजेला पाखाडी उतरताना पायरीची कड दिसते का? समोरच्या गाडीचा दिवा पसरतो का? काढणीचा आंबा झाडावर ओळखू येतो का? अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला तर खूश होऊ नका. बहुधा भिंगाचा गाभा कडक होतोय. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, कोणी काहीही विकलं तरी.

पावसाचा शस्त्रक्रियेशी संबंध नाही. संबंध आहे तो लावणीच्या चिखलाशी, विहिरीच्या पाण्याशी आणि बागेतल्या फवारणीशी. महिनाभर यांपासून लांब राहता येईल आणि दुसऱ्या दिवशीच्या व पुढच्या तपासण्यांना जाता येईल असा काळ निवडा. गणपती झाले की मोहोराच्या फवारण्यांआधी बरा वेळ मिळतो. दुसरा डोळा काही आठवड्यांनी.

लघवीसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर सर्जनला आधीच सांगा. तिने शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी न होण्याचा आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडण्याचा धोका असतो. ती किंवा रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. साखर आटोक्यात हवी. रात्री गाडी चालवत असतील तर साधं मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरासाठीचं भिंगच मी सुचवेन. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकलमध्ये दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात.

नंतर दुखणं वाढलं किंवा नजर घटली तर उद्यावर ढकलू नका, तो जंतुसंसर्ग असू शकतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसलं तर तो ‘परत आलेला’ मोतीबिंदू नव्हे. भिंगामागची पिशवी गढुळते, ती लेझरने पाच-दहा मिनिटांत मोकळी करतात.