संमोहनाने मुलांना डोळे बांधून वाचता येतं का? लातूरला भाचीला अशा क्लासला घालायचं म्हणतायत.

नाही येत. असलाच क्लास आमच्या परभणीत निघाला होता. ताईने फी भरली आणि महिनाभरात लेकरू पट्टी बांधून पत्त्यांचे रंग सांगायला लागलं. मी समोर बसून नीट बघितलं. दर वेळी तो हनुवटी वर करायचा आणि पत्ता छातीशी धरायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी टेकत नाही, त्या फटीतून खालचं दिसतं. मिटलेल्या डोळ्यांवर कणकेचे गोळे ठेवून वरून पट्टी बांधली, तर एकही रंग सांगता येईना. रडला बिचारा. त्याला रागावू नकोस, असं मी ताईला बजावलं. ही सवय मोठ्यांनीच लावली होती.

संमोहन मात्र थोतांड नाही. क्लोरोफॉर्म येण्याआधी, १८४५ मध्ये, जेम्स एस्डेल या डॉक्टरने बंगालात हुगळीला मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या, आधाराने शस्त्रक्रिया सुरू केल्या होत्या. सूचनेने वेदना कमी जाणवते, हे आजच्या प्रयोगांतही दिसतं. काही लोकांना आकडा बघितला की रंग जाणवतो, त्याला सिनेस्थेशिया म्हणतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संमोहनाने तसा अनुभव तात्पुरता निर्माणही करता आला, तोही सहज संमोहित होणाऱ्या मोजक्याच लोकांत. पण तिथेही आकडा डोळ्यांनीच बघावा लागतो. डोळ्यात उजेडच गेला नाही तर मेंदूने वाचायचं काय?

फी भरू नका. भरून झाली असेल, तर आधी कणकेची परीक्षा घ्या.