रात्री बाळ रडलं की ती त्याला गदागदा हलवते

प्रश्न : ताई, माझी धाकटी जाऊ सतरा वर्षांची आहे. ऊसतोडीच्या कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते म्हणून दीड वर्षापूर्वी लग्न उरकलं. बाळ आता दोन महिन्यांचं आहे. रात्री ते रडायला लागलं की हिचं डोकं फिरतं. परवा तिने त्याला दंडाला धरून गदागदा हलवलं. मांडीवर चिमट्याचा काळानिळा डागही मी पाहिला. सासूबाई म्हणतात, हिला मायाच नाही. दवाखान्यात वय विचारतील म्हणून सगळे गप्प आहेत. काय करू? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आधी बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आजच. जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही, त्याच्या अंगावरचा काळानिळा डाग कधीच किरकोळ नसतो. इतक्या लहान बाळाची मान डोकं पेलत नाही, त्यामुळे हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि बाहेरून काही दिसतही नाही. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, उलट्या किंवा झटके आले तर क्षणभरही न थांबता १०८ला फोन करा.

वयाचं म्हणाल तर खोटं सांगू नका. २०१२च्या पोक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, आई अठराच्या आतली असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. घरावर त्याचा ताण येईल, हे मी लपवणार नाही. पण त्या भीतीपायी बाळ घरात ठेवणं मला मान्य नाही. कायद्याच्या नजरेत तुमची जाऊही बालकच आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केलात तर दोघांसाठीही मदत मिळते.

माया नाही म्हणून ती असं करते, हे मला पटत नाही. सहाव्या-आठव्या आठवड्यात बाळं सगळ्यात जास्त रडतात, पुढे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते ओसरतं. हे तिला कुणी सांगितलंय का? आणि नेमक्या याच दिवसांत तिच्याकडे येणारं कुणी नसतं. आशाताईंच्या गृहभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. उपकेंद्रात नोकरी करताना ही मधली फट मला फार सलायची. तुमच्या आशाताईंना आत्ताच बोलवा, त्या नाही म्हणणार नाहीत.

अशा भेटींना किती महत्त्व आहे, ते अमेरिकेतल्या एल्मायरा गावात दिसलं. १९७०च्या दशकाअखेर तिथे परिचारिका गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत घरी जात राहिल्या. गरीब, अविवाहित, किशोरवयीन आयांपैकी ज्यांच्याकडे कुणी गेलं नाही, त्यांच्यात बाळाला मारहाण किंवा हेळसांड झाल्याचं प्रमाण १९ टक्के होतं; भेटी मिळालेल्यांत ४ टक्के. आया तशाच होत्या, वयही तेच.

आता रात्रीचं. आज रात्रीपासून तिला बाळाजवळ एकटी सोडू नका. मध्यरात्रीनंतर दूध पाजून झालं की बाळ तुम्ही घ्या, एखाद्या रात्री तुमच्या दिरांनी घ्यावं. तिला सलग चार तास झोप मिळू द्या. आणि शिकवा : राग मस्तकात गेला की बाळाला सपाट अंथरुणावर उताणं ठेवायचं, बाहेर यायचं, तुम्हाला हाक मारायची. बाळ पाच मिनिटं रडलं तर काही बिघडत नाही. मात्र झोपावं म्हणून घुटीत अफू घालू देऊ नका.

ती दिवसाही रडत असेल, जेवत नसेल किंवा ‘मला हे बाळ नको’ म्हणत असेल, तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर समुपदेशकांशी बोला. फोन तुम्ही लावून तिच्या हातात दिलात तरी चालेल. सासूबाईंना मात्र स्पष्ट सांगा, तिच्यासमोर ‘माया नाही’ हे शब्द पुन्हा नकोत. आणि येत्या हंगामात बाळासकट तिला उसाच्या फडावर नेण्यासाठी आगाऊ उचल घेऊ नका, मुकादम कितीही मागे लागला तरी.