लाबोरारे म्हणजे नुसतं 'काम करणे' नाही

तुम्ही विचारलंत की 'ओरा एत लाबोरा' या लॅटिन वचनाचा अर्थ 'प्रार्थना कर आणि काम कर', मग त्याच शब्दावरून इंग्रजीत बाळंतपणाच्या कळांना लेबर कसं काय म्हणतात. मला हा प्रश्न फार आवडला, कारण उत्तर मराठीतच आहे. 'लाबोरा' ज्याचं आज्ञार्थी रूप आहे त्या 'लाबोरारे' क्रियापदाला 'काम करणे'पेक्षा 'कष्टणे' म्हणून बघा. आपला 'कष्ट' संस्कृतात आधी दुःख, पीडा, आणि मराठीत तोच मेहनत झाला. श्रमाचंही तसंच, श्रम् धातूत थकणंच आहे.

लॅटिनमध्ये तर हे दोन्ही अर्थ एकत्रच नांदतात. रोमन वक्ता-लेखक सिसेरो एका मित्राला पत्रात कळवतो की आज दहावा दिवस, पोटाने बेजार झालोय, आणि तिथे क्रियापद कुठलं तर लाबोरारेच. 'एक्स' (म्हणजे 'मधून', 'मुळे') आणि पुढे शरीराचा अवयव आला की समजायचं, माणूस काम करत नाहीये, त्याला तिथे दुखतंय! रोमन कवी होरेस डायाना देवीची स्तुती करताना म्हणतो की बाळंतकळा सोसणाऱ्या मुलींनी तीनदा हाक मारली की तू ऐकतेस, तिथेही हाच शब्द. म्हणजे कळांचा अर्थ इंग्रजांनी काढलेला नाही, तो 2000 वर्षं जुना आहे.

आता मूळ. क्रियापद 'लाबोर' या नामापासून बनलंय, त्याचं जुनं रूप 'लाबोस', दोन स्वरांमधला स चा र झाला (षष्ठीच्या 'लाबोसिस'चं 'लाबोरिस') आणि मग तो र प्रथमेच्या रूपातही शिरला, होनोस चं होनोर झालं तसंच. त्याच्या मागे बरेच अभ्यासक 'लाबारे' म्हणजे डगमगणे, लटपटणे याच्याशी नातं लावतात, डोक्यावर ओझं घेऊन पाय लटपटतात तसं. हे पक्कं सिद्ध झालेलं नाही पण मला पटतं.

पुढे इटालियनमध्ये लावोरारे म्हणजे साधं काम करणे राहिलं, फ्रेंच लाबुरे मात्र शेत नांगरण्यापुरता उरला, स्पॅनिश लाब्रारसुद्धा नांगरणी आणि कोरीवकामाकडे गेला.

आणि घाम-वेदना नसलेलं काम हवं असेल तर लॅटिनमध्ये 'ओपुस' आहे, त्यावरून 'ओपेरारी' हे क्रियापद. वेदातला 'अपस्' म्हणजे कर्म, तो याच ओपुसचा भाऊबंद.