चोवीस हेडसेट आणि ‘सगळं धरून’ करार

निपाणीच्या एका वाचकाचं पत्र आहे. अकरा वर्षांपासून त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. खर्च जाऊन महिन्याला ३८,००० रुपये सुटतात, घरखर्च २७,०००. बेळगावातल्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेत मुलं डोक्याला व्हीआर हेडसेट (डोळ्यापुढे आभासी दृश्य दाखवणारं उपकरण) लावून वेल्डिंगचा सराव करतात. असे २४ हेडसेट आहेत, तीन वर्षं वापरलेले. संस्थेने यांना देखभालीचा दोन वर्षांचा करार देऊ केला आहे: नगामागे वर्षाला ९,०००, म्हणजे २,१६,००० रुपये, सुटे भाग धरून. त्यासाठी ३ लाखांची एफडी मोडायची आणि पत्नीच्या दागिन्यांवर २ लाखांचं सोनेतारण कर्ज काढायचं, असं त्यांच्या मनात आहे. या ५ लाखांतून नवा मायक्रोस्कोप, सोल्डरिंगचं सामान, भाग काढण्यासाठी जुने हेडसेट आणि बॅटऱ्यांचा साठा घ्यायचा. ‘करू का?’ एवढाच प्रश्न आहे.

नमस्कार. काम जरूर घ्या, पण या अटींवर घेऊ नका. आणि एफडी आणि वहिनींचे दागिने आहेत तिथेच राहू द्या.

तुम्ही संस्थेच्या नोंदवहीतली गेल्या वर्षाची बिघाडांची यादी आणि स्वतः काढलेले भागांचे भाव पत्रासोबत पाठवलेत, हे फार बरं केलंत. त्यावरून हिशोब मांडतो. हातातल्या कंट्रोलरच्या ७ स्टिक गेल्या, ३५० प्रमाणे २,४५०. फुगलेल्या बॅटऱ्या ३, घरपोच २,४०० प्रमाणे ७,२००. चार्जिंगचे जॅक २, त्यांचे ५००. चेहऱ्याला लागणारा फोम घामाने खराब होतो, त्याऐवजी सगळ्या नगांना सिलिकॉनची गादी, ६०० प्रमाणे १४,४००. करपलेले डिस्प्ले २, त्यांचे २३,०००. एक हेडसेट पडून त्याचा ट्रॅकिंग कॅमेरा हलला, तो धड झाला नाही, म्हणून वापरलेला दुसरा नग १८,०००. एकूण ६५,५५०. महिन्यातून दोनदा निपाणी ते बेळगाव, फेरीला ७०० धरले तर वर्षाचे १६,८००. म्हणजे २,१६,००० मधून १,३३,६५० उरतात. इथपर्यंत तुमचंही गणित असंच असणार, आणि आकडा मोहात पाडणारा आहे.

पण तीन गोष्टी तुम्ही धरलेल्या नाहीत. बेळगावला जाल त्या दिवशी दुकान बंद असेल. महिन्याचे २६ दिवस धरले तर तुमचा दिवस सुमारे १,४५० रुपयांचा आहे, तेव्हा २४ दिवसांचे ३४,८०० गेले. एफडी मोडल्यावर तिचं व्याज बुडेल, ७ टक्क्यांनी २१,०००. सोनेतारणाचं व्याज मी १० टक्क्यांनी, म्हणजे २०,००० धरतो. उरले ५७,८५०. सगळं गेल्या वर्षासारखंच सुरळीत गेलं तर महिन्याला पाच हजारांच्याही आत.

आणि ते तसं जाईलच असं नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की जूनपासून लॅब वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांच्या खोलीत हलणार आहे. मला पूर्ण पत्रात सगळ्यात महागडी ओळ ती वाटली. हेडसेटमधली भिंगं डिस्प्लेचं चित्र मोठं करून डोळ्यापुढे आणतात. तीच भिंगं उलट्या बाजूने ऊन आलं की ते डिस्प्लेवर एका ठिपक्यात गोळा करतात; आपण लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तसंच. हेडसेट भिंगं वर करून टेबलावर राहिला आणि ऊन आत शिरलं, तर थोड्या वेळात कायमचा डाग पडतो. त्याला दुरुस्ती नाही, अख्खा डिस्प्ले बदलावा लागतो. उत्पादक कंपन्या म्हणूनच उन्हापासून जपायची सूचना देतात, आणि उन्हाने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. ज्याने वस्तू बनवली तो जी जोखीम अंगावर घेत नाही, ती तुम्ही वर्षाला ९,००० रुपयांत घेताय.

पावसाळ्यात काही होणार नाही. ऑक्टोबर उजाडला की संध्याकाळचं तिरपं ऊन खोलीत आतपर्यंत येईल. एखाद्या दिवशी तास संपवून मुलं घाईने गेली, आठ हेडसेट उताणे राहिले, तर ११,५०० प्रमाणे ९२,००० रुपये. वर्षाचे ५७,८५० जाऊन वर ३४,१५० खिशातून. यात तुमच्या कामाची चूक एका पैशाचीही नाही.

विमा कंपनी असली जोखीम घेते ती हजारो घरांची. एका गावात आग लागली तरी बाकीची गावं शाबूत असतात. तुमचे २४ नग एका खोलीत, एका खिडकीपाशी, एकाच वर्गाच्या हातात आहेत. जातील तेव्हा एकेक करून जाणार नाहीत. ‘सगळं धरून’ म्हणजे तुम्ही कारागीर राहत नाही, विमा कंपनी होता, तीही एकाच गिऱ्हाइकाची.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या वडिलांचं शहापूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९९४ मध्ये त्यांनी एका लॉजचे ३० टीव्ही असेच सगळं धरून घेतले. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या एप्रिलात वळवाच्या पावसात वीज गच्चीवरच्या अँटेनाच्या केबलमधून उतरली आणि एका रात्रीत अकरा टीव्ही गेले. करारात विजेचं काही लिहिलेलंच नव्हतं. वडील शब्दाला जागले, सगळे नग करून दिले. आईच्या पाटल्या त्या वेळी सराफाकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. तुमच्या पत्रात ‘बायकोची संमती आहे’ असं वाक्य आहे. आईचीही होती.

म्हणून संस्थेपुढे दुसरा प्रस्ताव ठेवा. मजुरी नगामागे ४,५००, वर्षाचे १,०८,०००. महिन्याला दोन फेऱ्या, सफाई, तपासणी, सॉफ्टवेअर अपडेट, स्टिक, जॅक आणि बॅटरी बदलायची मजुरी त्यात. भाग त्यांच्या खर्चाने, प्रत्यक्ष बिलावर १० टक्के हाताळणी. तुमचं गणित: १,०८,००० मधून फेऱ्यांचे १६,८०० आणि बंद दुकानाचे ३४,८०० गेले, राहिले ५६,४००. सगळं धरून करारात सुरळीत वर्षी जेवढं उरत होतं, जवळजवळ तेवढंच, आणि त्यासाठी एफडीला हात लावावा लागत नाही. संस्थेचं गणितही त्यांना मांडून दाखवा: मजुरी, ६५,५५० चे भाग आणि हाताळणी मिळून गेल्या वर्षासारख्या वर्षी सुमारे १,८०,०००. त्यांचेही ३६,००० वाचतात. खिडक्यांना जाड पडदे लावले आणि हेडसेट ठेवायला झाकणाची कपाटं केली तर आणखी वाचतील, आणि तो खर्च करण्याची बुद्धी त्यांना तेव्हाच होईल जेव्हा डिस्प्लेचं बिल त्यांच्या नावाने फाटेल. सध्याच्या करारात पडदे लावण्याचं त्यांना काहीच कारण नाही.

ते म्हणतील, आमच्या मंजुरीला ठरलेला एकच आकडा लागतो. अडचण खरी असू शकते. मग ९,००० चा दर चालेल, पण करारात वर्षाला जास्तीत जास्त दोन डिस्प्ले आणि चार बॅटऱ्या असं नगावर लिहून घ्या. आणि ऊन, पडणं, पाणी, हरवणं आणि ट्रॅकिंग कॅमेरे बाहेर ठेवा. कॅमेऱ्यांबद्दल ठाम राहा. हेडसेट खोलीतली आपली जागा या कॅमेऱ्यांवरून ओळखतो, आणि त्यांचा एकमेकांशी असलेला कोन कारखान्यातच मोजून आत नोंदवलेला असतो. कॅमेरा बदलता येईल, पण ते मोजमाप तुमच्या टेबलावर होणार नाही. डिस्प्ले बदलतानाही तो भिंगासमोर जरा तिरका बसला तर घालणाऱ्याचं डोकं दुखतं, आणि तक्रार तुमच्याकडे येते. यालाही त्यांनी नाही म्हटलं तर उठून या.

सामानाबद्दल. मायक्रोस्कोप आणि हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवायचं यंत्र) तुमच्याकडे आहेत, नवे कशाला? बारीक टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचे) बिट, ईएसडी मॅट (स्थिर विजेपासून भाग जपणारी), डिस्प्ले उघडताना धूळ बसू नये म्हणून झाकणाची पेटी, उघडून शिकायला एक बंद पडलेला नग, आणि दोन बॅटऱ्या. माझ्या अंदाजाने ५५,००० पुरे. यासाठी मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज आहे, ५०,००० पर्यंत, तारण लागत नाही. त्याच्या व्याजाने पहिल्या वर्षी तीनेक हजार जातील, ते ५६,४०० मधून वजा धरा. आणि हो, तुमच्या टेबलावरची आयपीएची (सफाईच्या अल्कोहोलची) बाटली या भिंगांजवळ आणू नका. मोबाइलच्या बोर्डाला चालते ती सवय इथे महागात पडेल. प्लॅस्टिकच्या भिंगाला कोरडं मायक्रोफायबर कापडच.

जुने नग आणि बॅटऱ्या साठवायच्या नाहीत. या वस्तूचं आयुष्य कंपनीच्या अपडेटवर असतं. २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या ऑक्युलस क्वेस्ट या हेडसेटला नव्या सोयी मिळणार नाहीत असं २०२३ च्या सुरुवातीलाच जाहीर झालं, आणि २०२० मध्ये आलेल्या क्वेस्ट २ ची विक्री २०२४ मध्ये आवरली गेली. संस्थेने उद्या दुसरं मॉडेल घेतलं तर तुमचा दोन लाखांचा साठा भंगारात जाईल. लिथियम बॅटरी पडूनही म्हातारी होते, पूर्ण चार्ज करून उकाड्यात ठेवली तर लवकर. ठेवायचीच तर निम्म्या चार्जवर ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून पाठवायला २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा बाहेरून मागवली तर वेळ लागणार. बॅटरी बदलायला किमान महिनाभराची मुदत करारात लिहा. परदेशातून मागवलेल्या भागावर कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी तुम्ही काढलेल्या भावात आहेत का, तेही पुन्हा बघा. काढलेल्या फुगक्या बॅटऱ्या दुकानातल्या लाकडी खणात ठेवू नका. वर माणसं राहत असतील तर मुळीच नको.

पैसे हातात कधी येतील? तिमाही संपल्यावर ४५ दिवसांनी, असं मसुद्यात आहे. म्हणजे पहिला रुपया साडेचार महिन्यांनी दिसेल. पहिल्या तिमाहीचे २७,००० आगाऊ मागा. उद्यम नोंदणी लगेच करून घ्या, फुकट होते. सूक्ष्म उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या पुढे लांबवलं तर देणाऱ्याला चक्रवाढ व्याज लागतं, असा २००६ चा कायदा आहे. संस्था बिलातून १ टक्का टीडीएस कापेल. पॅन दिला नसेल तर २० टक्के जातील, म्हणून तो आधी द्या, आणि विवरणपत्र भरून कापलेले परत घ्या.

तुम्ही सीमेवर आहात म्हणून एक वेगळी गोष्ट. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, त्यामुळे पुढचं काम तिकडूनच येईल: गेम झोनचे हेडसेट, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचे ड्रोनचे गॉगल. दुरुस्तीची सेवा सीमेपलीकडे दिली तरी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण सुटे भाग माल म्हणून वेगळ्या बिलाने महाराष्ट्रात विकले तर नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला भाग स्वतः घ्यायला सांगा, तुम्ही मजुरीचं बिल द्या. बेळगावच्या संस्थेला हा प्रश्न नाही, दोघेही कर्नाटकातच.

करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये होईल. बैठक मराठीत होईल, चहा होईल, ‘तुम्ही आपलेच आहात, डिस्प्लेचं बघून घेऊ’ असंही कोणी म्हणेल. मनापासूनही म्हणेल. पण दोन वर्षांत तो माणूस दुसरीकडे बदलून गेलेला असतो आणि कागद तेवढा मागे राहतो. मजकूर वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या, त्याची फी सामानाच्या खर्चात धरा.

सही करण्यापूर्वी एक पूर्ण दिवस लॅबमध्ये काढा. २४ नग एकेक करून डोक्याला लावा, पांढऱ्या पडद्यावर डाग आहेत का बघा, स्टिक सोडल्यावर चित्र आपोआप सरकतं का, बॅटरी किती वेळ टिकते, कॅमेऱ्यांच्या काचा तडकल्यात का, सगळं सीरियल नंबरसकट लिहा आणि फोटो काढा. त्या यादीवर संस्थेच्या माणसाची सही घ्या आणि ती कराराला जोडा. तीन वर्षं वापरलेल्या नगांत आधीच डागाळलेले दोन-चार निघतील, ते तुमच्या खात्यावर येता कामा नयेत. आणि जमलं तर त्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर वरच्या मजल्यावर जाऊन या, ऊन कुठल्या टेबलापर्यंत पोचतं तेही यादीत लिहा.